मुंगसाचं तोंड पाहिल्याची हकीकत

उम्म अल हस्सम, बहरीन
जून १९९६, शुक्रवार (सुट्टीचा वार, म्हणूनच पत्र)

ती. रखमाआत्येच्या दोन्ही पायांवर, त्यातही उजव्यावर जरा बेताने (गुडघा सुजलाय असं मागच्या पत्रात होतं), स्वरूपचं डोकं टेकलेलं आहे असं समजावं. इकडे मी ठीक आहे. हे वाक्य खोटं आहे. पण ते सुरुवातीला नसलं तर तू पुढचं ऐकायच्या आधीच डोळ्याला पदर लावशील आणि बाळाजीकाकांना थांबावं लागेल, म्हणून लिहून टाकलं. गुडघ्याला तेल चोळतेस की नुसतं चोळते म्हणतेस? शेळी व्याली का? पावसात पडवी गळत असेल तर कौलं परतून घे, पैशांचं मी बघतो. इथे ऊन असं पडतं की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाला चालेल. म्हणून इथली माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यातलं साठलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेतात. गार पाण्यासाठी गीझर लागणाऱ्या मुलखात तुझा भाचा राहतो, एवढ्यावरून बाकीचं ओळख.

बाळाजीकाका, तुम्हालाही नमस्कार. आत्याला अक्षर येत नाही आणि तुमच्याखेरीज वाडीत माझं अक्षर कोणाला लागत नाही, तेव्हा तुमचे उपकार आहेतच. पण एक विनंती. या पत्रात काही मजकूर कंसात आहे. तो तुमच्यापुरता, तो मोठ्याने वाचायचा नाही. मागच्या खेपेला तुम्ही कंसासकट वाचलंत आणि रंजिताचं नाव ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला कळलं. त्यानंतर मला वाडीतून तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच प्रश्न होता, तो काय हे तुम्ही जाणताच. (माझं डोकं असं फिरलं होतं की तुमच्याशी बोलणंच सोडणार होतो. मग लक्षात आलं की तुमच्याशी बोलणं सोडलं तर आत्याशीही सुटतं. हे वाचू नका.)

तर आत्या, हकीकत अशी. आमच्या तुबलीच्या गॅरेजात हेमचंद्रसाहेब म्हणून वरचे आहेत. मूळ कराडकडचे, वीस वर्षं इथेच. आम्ही राहतो त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आहे. बायको आहे, आणि एक मुलगी आहे. मुलगी लहान मुलांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. माझं इंग्रजी कॉलेजबरोबरच अर्धवट सुटलेलं असल्याने आमचं बोलणं म्हणजे मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते आणि मी मान हलवतो. (मान मी कशालाही हलवतो. तिने 'पाऊस पडतोय' म्हटलं तरी हलवेन, इथे पाऊस पडत नसला तरी.) एका शुक्रवारी मी ठरवलं, आज साहेबांना स्पष्टच विचारायचं. शर्टाला इस्त्री केली, लतीफच्या अत्तराची बाटली जवळजवळ संपवली. लतीफ म्हणजे माझ्या खोलीतला, श्रीवर्धनचा, गॅरेजात डेंटिंगचं काम करतो. तो म्हणाला, "अरे गाडी विचारायला चाललास का पोरगी? गाडीला एवढा वास नको लागत." साहेब घरी नव्हते. कोणा शेखची गाडी अडली म्हणून सुट्टीच्या दिवशी गॅरेजात गेले होते, आणि मुलगीही डबा घेऊन त्यांच्याबरोबर. मग मीही तुबलीला निघालो.

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी पोचतो तर भिंतीवरून मुंगूस पळालं. हसू नकोस, इथे मुंगसं आहेत. आपल्याकडचीच, कोणीतरी कधीतरी जहाजातून आणून सोडली, ती राहिली. त्यांना व्हिसा कोणी विचारत नाही. तूच ना मला लहानपणी शाळेच्या वाटेवर हात धरून थांबवायचीस, मुंगसाला तोंड दाखव म्हणून विनवायला लावायचीस, आणि त्याने वळून बघितलं की म्हणायचीस, आता काम झालंच समज? परीक्षेच्या दिवशी तर आपण आंब्याखाली मुंगसाची वाट बघत शाळेची घंटा चुकवली होती. तर मी थांबलो. भर उन्हात, अत्तर लावून, एका भिंतीपुढे हात जोडून उभा राहिलो आणि मनात तेच म्हटलं. आणि आत्या, ते थांबलं. वळलं. सरळ माझ्याकडे बघितलं. तोंडात काहीतरी धरलेलं होतं, उंदीर असावा. मग भिंतीपलीकडे गेलं. माझ्या अंगावर असा काटा आला की आता साहेब काय, साहेबांचे वडील आले तरी नाही म्हणणार नाहीत असं वाटलं.

पुढे चार पावलांवर जुन्या टायरांचा ढीग आहे. त्यातून चीं चीं आवाज. वाकून बघतो तर एका टायरच्या पोटात तीन पिल्लं. बोटाएवढी, डोळे मिटलेली, अंगावर लव असून नसल्यासारखी. आई कुठेच नाही. मी हाक मारली (मुंगसाला हाक कशी मारतात ते मला विचारू नका), टायर हलवले, वाट बघितली. बरीच वाट बघितली असं मी तेव्हा समजत होतो. मग मी मनाशी हिशेब मांडला: एकाचं तोंड दिसलं तर काम होतं, इथे तीन तोंडं आयती मिळालीत, आणि बिचारी पोरकी आहेत. पोरकं म्हटलं की माझा हात पुढे जातोच, ते तुला सांगायला नको. ऑइल फिल्टरचा रिकामा खोका होता, त्यात तिघांना घातलं आणि तसाच साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"काय रं, नवरदेवासारखा सजून गॅरेजात? आन् खोक्यात काय, पेढं?" साहेब म्हणाले. मी खोका उघडला. जे विचारायला गेलो होतो ते राहूनच गेलं, कारण डबा ठेवून ती खोक्यावर वाकली होती. "ओ माय गॉड, दे आर सो टायनी," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "ठेव जा हुतं तितं. तुला सोताला जेवायला चार हाका माराव्या लागत्यात, तू ही जगवणार व्हय?" आता बघ, मला कोणी 'तुला जमणार नाही' म्हटलं की माझं काय होतं ते कॉलेजात सगळ्यांनी पाहिलंय. बेडूक कापायच्या तासाला त्या सरांनीही हेच म्हटलं होतं, मग ट्रे कुठे गेला, बेडूक कुठे गेला आणि मी कुठे आलो, सगळं तुला ठाऊक आहे. मी ओरडूनच म्हणालो, जगवून दाखवतो. तिन्हीच्या तिन्ही. साहेब म्हणाले, "जगव. जगवलीस तर मानलं तुला." आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "धिस वन यू कान्ट लीव्ह हाफवे, ओके?" म्हणजे, हे तरी मधेच सोडायचं नाही. मी मान हलवली. या खेपेला कळून हलवली.

(बाळाजीकाका, इथे आत्याला पाणी द्या आणि तुम्हीही घ्या. पुढचं लांब आहे.)

आमच्या खोलीत चौघे. मी, लतीफ आणि केरळचे दोन पेंटर. खिडकीत एसी, तो कशालाही बंद होत नाही, रमजानातही नाही. पण पिल्लांना गारवा बाधतो, ती खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरायला लागली. मी एसी बंद केला. जून महिना, आत्या. पेंटरांनी चालू केला. मी बंद केला. त्यांनी मल्याळममध्ये काही म्हटलं, मी आपल्या भाषेत काही म्हटलं, अर्थ दोघांनाही लागला. शेवटी मी एसीचं बटणच उपटून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून ते दोघे गादी घेऊन गच्चीवर गेले आणि गॅरेजात मला बघितलं की थुंकतात. लतीफ तेवढा राहिला. बनियन पिळून सुकत टाकत म्हणाला, "मी कुवेतला होतो, सौदीला होतो. मुंगसाच्या बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदाच राहतोय. बाळंतीण नाही तीच तेवढी उणीव."

दूध. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, डब्याचं घट्ट दूध आणलं, चहात घालतात ते. ते पाजलं तर पोटं फुगली. पातळ केलं तर हगवण. मी कोल्ड स्टोअरवाल्याशी भांडलो की दूध खराब आहे. तो म्हणाला, तुझी मुलं किती महिन्यांची? मी रागात 'तीन' सांगितलं, त्याने ऐकून मुबारक म्हटलं आणि तेव्हापासून मला जाता-येता घरच्यांची खुशाली विचारतो. मग रंजिताने दवाखान्यातून कानात औषध घालायची काचेची नळी आणून दिली आणि तान्ह्या मुलांची दूधपावडर. (ती खोलीत नाही आली. जिन्यात उभी राहिली. मी जिन्यात गेलो. नळी घेताना तिचं बोट लागलं. एवढंच. एवढंच आहे, पण ते वाचू नका.) तिने आपल्या जुन्या शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तकही मिळवलं. मुंगसावरचं नव्हतं, इंग्रजांना मुंगूस कुठलं? त्यांच्याकडे फेरेट म्हणून एक जनावर असतं, लांबुडकं, तोंड असंच चोरटं. ते पाळतात आणि सशांच्या बिळात सोडतात. म्हटलं, चालेल, चुलत भाऊच असेल. रोज संध्याकाळी जिन्याच्या एका पायरीवर ती, दोन पायऱ्या खाली मी, मधे खोका, आणि वरच्या दारात तिची आई लसूण सोलत बसलेली, असं आमचं वाचन चाले. पिल्लू गार पडलं तर काय करावं? ती पान शोधायची आणि वाचायची: आईजवळ सरकवावं. दूध कधी तोडावं? आई ठरवते. पिल्लू रडलं तर? हात लावू नये, आई बघते. आत्या, त्या अख्ख्या जाड पुस्तकात फेरेटची पिल्लं वाढवायची एकच युक्ती होती आणि तीच आमच्याकडे नव्हती. मी वैतागून म्हटलं, लिहिणाऱ्याला पैसे कशाचे दिले? ती हसली. हसली म्हणजे पुस्तक तोंडावर धरलं.

पोट फुगण्याचं मात्र एका पानावर सापडलं. ही पिल्लं आपण होऊन मुततही नाहीत. आईने पोटाखाली चाटलं की मग होतं. हे तिने वाचलं, मग थांबली, मग कान लाल झाले, मग वरून तिच्या आईने मराठीत विचारलं, "काय गं लिहिलंय?" आणि ती पुस्तक तिथेच टाकून पळाली. मग मी आणि लतीफ ओल्या कापसाचे बोळे घेऊन बसायचो. दर दुधानंतर. दोन जवान माणसं, एक श्रीवर्धनचा समुद्र पाहिलेलं, एक कॉलेजचा उंबरा पाहिलेलं, ओल्या कापसाने मुंगसाची पोटं पुसतायत आणि थेंब आला की "यल्ला, शाब्बास" म्हणतायत. तू मला शेळीच्या दुधावर वाढवलंस असं सगळे सांगतात. तू ते कसं केलंस हे मी कधी विचारलंच नाही. वाटायचं, झालं असेल आपोआप.

झोपेची पंचाईत वेगळीच. टॉवेल घातला, त्यावर झोपेनात. गॅरेजची जुनी वर्दी घातली, तिला डिझेलचा वास. नखं अडकून चीं चीं करायची. शेवटी माझ्या उशाखालचं फडकं काढलं. ते फडकं म्हणजे मी निघालो तेव्हा तू लोणच्याच्या बरणीला गुंडाळून दिलं होतंस ते, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. इथल्या विमानतळावर बरणी फुटलेली निघाली, लोणचं तिथेच फेकून द्यायला लावलं, फडकं तेवढं माझ्याबरोबर आलं. (ते उशाखाली का होतं ते विचारू नका. तेलाचा डाग होता, उशीला लागू नये म्हणून असेल.) ते घातलं, आणि तिघंही त्यात तोंड खुपसून गपगार. लतीफ म्हणाला, "आता माशाल्ला आपण बाप झालो."

आठवडाभर मग सगळं असं चाललं की मी साहेबांपुढे छाती काढून फिरायला लागलो. दोघांचे डोळे किलकिले झाले. जगात आल्यावर पहिलं तोंड त्यांना लतीफचं दिसलं, त्याला माझा इलाज नाही. तिसरं, सगळ्यांत लहान, ते मात्र मागे पडत होतं. दोघे त्याला ढकलून नळीला लागायचे, म्हणून मी त्याला वेगळं पाजायचो, खिशात घालून गॅरेजात न्यायचो. खिशात असलं की हलायचं, म्हणजे बरं आहे असं कळायचं. एक दिवस गाडीखाली काम करताना कळलं की बराच वेळ काही हललेलं नाही.

मी कोणाशी भांडावं, आत्या? पाना फेकून द्यायला हात उचलला, तर समोर नुसतं इंजिन. पावडर चांगली होती, नळी उकळलेली होती, एसी बंद होता. भांडायला एकही माणूस नव्हता. संध्याकाळी जिन्यात मी हात पुढे केला. तिने त्याला आपल्या तळहातावर घेतलं, दोन्ही हातांत झाकलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाली, "थंड झालाय रे." मराठीत. इतके दिवस ज्या मराठीची वाट बघितली ती अशी आली. तुबलीच्या खाडीच्या कडेला मी त्याला पुरलं. लतीफ बरोबर आला होता. परतताना, माझं मन दुसरीकडे वळवावं म्हणून, तो बिचारा गप्पा मारायला लागला. म्हणाला, "त्या टायरांपाशी एक मोठं मुंगूस सारखं येतंय रे. रोज. टायरात तोंड घालतं, बाहेर येतं, परत घालतं. मी पाना फेकून मारतो, तरी येतं. साप असणार तिथे, सांभाळून."

मी तिथेच रस्त्यावर बसलो. आता तुला कळलंच असेल. मला ते तेव्हा कळलं. ती आई होती. ती घर बदलत होती, एकेक पिल्लू मानेला धरून भिंतीपलीकडे नेत होती. मी हात जोडून उभा होतो तेव्हा तिच्या तोंडात उंदीर नव्हता. मी तिचं तोंड एवढं डोळे भरून बघितलं आणि तोंडात काय आहे ते बघितलं नाही. ती पहिलं ठेवून परत आली असेल तोवर मी बाकीची शुभशकुन म्हणून उचलली होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी लतीफला फक्त "पाना खाली ठेव" म्हटलं आणि दुपारी आपली गाडी टायरांपासून लांब, सावलीत लावली. पुढे साहेब आणि मी, मागच्या सीटवर ती. (काका, माझ्या आयुष्यात ती आणि मी एका गाडीत बसलो ते असे, तिच्या बापाशेजारी मी, आणि तिघंही बघतोय टायर.) खोका टायरांपाशी ठेवला होता, फडक्यासकट. बसून बसून साहेबांचा डोळा लागला. तिने मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. भिंतीवर ती आली होती.

खोक्यापाशी आली, मागे गेली, परत आली. आत वाकली. एकाला मानेला धरलं आणि गेली. मला वाटलं, माणसाचा वास लागला म्हणून दुसऱ्याला सोडेल, पुस्तकात तसंही लिहिलं होतं. पण आली. दुसऱ्यालाही नेलं. साहेब जागे झाले होते, त्यांनी किल्लीला हात घातला, "चला, झालं, मानलं तुला" म्हणाले. मी म्हटलं, थांबा. मला का कोण जाणे माहीत होतं.

ती तिसऱ्यांदा आली, आत्या. खोक्यात शिरली. फडकं हुंगलं, उलटं केलं, त्याच्याखाली बघितलं. बाहेर आली, सगळे टायर बघितले, एकेक. परत खोक्यात. आणि मग तिने ते फडकंच तोंडात धरलं, त्याला त्या लहानग्याचा वास असणार, आणि ओढत निघाली. भिंतीवर चढताना ते पायात येत होतं. वर तारेला अडकलं. तिने ओढलं, सोडलं नाही, ओढत राहिली, आणि ते सुटलं. तुझं हिरवं लुगडं तुबलीच्या भिंतीपलीकडे गेलं.

साहेबांनी गाडी सुरू केली आणि म्हटलं, "चल, घरी जेवायला चल." मी मनात म्हटलं, तोंड पाहिल्याचं फळ आता मिळणार. जेवताना त्यांनी आमटी वाढली आणि सांगितलं की ऑगस्टमध्ये सगळे पुण्याला चाललेत, रंजिताला बघायला इंजिनियर मुलगा येणार आहे, शिक्षण पुरं केलेला. ती ताटाकडे बघत होती. मी आणखी आमटी मागितली. काय करणार, तिखट होती, डोळ्यांतून पाणी यायला कारण झालं.

तर असं आहे. एसीचं बटण परत लावलंय, पेंटर गच्चीवरून खाली आलेत पण बोलत नाहीत. कोल्ड स्टोअरवाला मुलांची चौकशी करतो, मी 'आईकडे पाठवली' म्हणून सांगतो. गुडघ्याला जप. वाडीतल्या सगळ्यांना, म्हणजे ओटीवर आत्ता बसलेल्या सगळ्यांना, माझी आठवण सांग. त्यांनी ती ऐकलीच आहे.

तुझ्या पायांशीच असलेला,
स्वरूप

ता. क. गॅरेजात हात पुसायला चांगली फडकी मिळत नाहीत. तुझ्या जुन्या लुगड्याचा एखादा तुकडा लतीफचा भाऊ सुट्टीवरून परत येईल त्याच्याबरोबर पाठव. श्रीवर्धनला त्याचं घर आहे, काकांना पत्ता ठाऊक आहे. चांगलं लुगडं फाडू नकोस. विटलेलं चालेल.

दुसरं ता. क. बाळाजीकाका, वरचं सगळ्यांना ऐकवलंत तरी चालेल, कंससुद्धा. एवढं मात्र ओटी रिकामी झाल्यावर तिच्या एकटीच्या कानात सांगा: फडकी गॅरेजात मिळतात. पाठवण्याआधी ती ते लुगडं धुवायला घेईल, तिला सवय आहे. म्हणावं, धुवू नकोस.